विंडोज सुरू होण्याआधीची कुलपं

पॉवरचं बटण दाबल्यापासून विंडोजचं चिन्ह दिसेपर्यंत संगणक मदरबोर्डवरच्या एका छोट्या फ्लॅश चिपमधल्या प्रोग्रॅमच्या ताब्यात असतो. हा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. सवयीने सगळे त्याला बायोस म्हणतात, पण आजच्या मशिनमध्ये ते यूईएफआय असतं. अँटिव्हायरस तोवर जागाही झालेला नसतो. त्यामुळे इथे कुणी आपला कोड घुसवला, तर पुढचं सगळं संरक्षण त्याच्या मर्जीवर चालतं.

इथली सुरक्षा सेटिंग्ज बदलायला पाच-दहा मिनिटं पुरतात. घोळ होतो तो क्रम चुकल्यामुळे, म्हणून सेटअप, म्हणजे फर्मवेअरच्या सेटिंग्जचा पडदा, उघडण्याआधी दोन गोष्टी तपासाच.

पहिली बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलेल्या कित्येक मशिनवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ४८ अंकी रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवून घ्या. त्याच डिस्कवरच्या फाइलमध्ये ठेवली तर वेळेला तिचा काहीच उपयोग नाही. मग बिटलॉकर तात्पुरता सस्पेंड करा.

दुसरी गोष्ट डिस्कची. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि त्यात व्हॉल्यूम्स उघडा. पार्टिशन स्टाइलसमोर, म्हणजे डिस्कच्या विभागणीच्या पद्धतीसमोर, जीपीटी (नवी पद्धत) असेल तर पुढे जा. एमबीआर (जुनी पद्धत) असेल तर थांबा. संगणक सुरू होताना फक्त ओळखीची सही असलेला कोड चालू देणाऱ्या सिक्युअर बूटसाठी सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय, बंद करावी लागते आणि ती बंद झाली की एमबीआर डिस्कवरचं विंडोज सापडतच नाही. विंडोजमधलं एमबीआर-टू-जीपीटी हे साधन डेटा न पुसता रूपांतर करतं, तरी आधी बॅकअप घ्याच. फार जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहू शकते, कारण त्या कार्डात यूईएफआयला लागणारा ड्रायव्हर नसतो.

सेटअपमध्ये जायला बहुधा डिलीट किंवा एफ२ दाबतात. फास्ट बूटमुळे की पकडली जात नसेल, तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा आणि ट्रबलशूटमधून यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज निवडा.

आता टीपीएम, म्हणजे किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप किंवा प्रोसेसरमधली तशीच सोय. इंटेलच्या बोर्डावर तो पीटीटी या नावाखाली सापडतो, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. त्याचं काम समजलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात. बूट होताना प्रत्येक टप्प्याचा कोड चालण्याआधी त्याचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा आकडा, टीपीएमकडे जातो. टीपीएम आपल्याकडची जुनी नोंद आणि हा नवा हॅश जोडतो, त्यांचा पुन्हा हॅश काढतो आणि तोच साठवतो. संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत ही नोंद खोडता येत नाही, तिच्यात फक्त भर पडते. बिटलॉकरची किल्ली या नोंदीशी बांधलेली असते. नोंद जुळली नाही तर टीपीएम किल्ली सोडत नाही आणि निळ्या पडद्यावर ४८ अंक मागितले जातात. म्हणूनच ‘क्लिअर टीपीएम’ला सहज हात लावू नका: आत जपलेली किल्ली त्याने कायमची जाते. एफटीपीएम प्रोसेसरशी जोडलेला असल्याने प्रोसेसर बदलल्यावरही हीच वेळ येते.

सिक्युअर बूट तपासतो कोडवरची डिजिटल सही. डीबी या यादीत बसणारी सही असलेलाच बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टम सुरू करणारा प्रोग्रॅम, चालतो, डीबीएक्स यादीत असलेला अडवला जातो. या याद्यांवर कुणाची सत्ता चालेल ते ठरवते प्लॅटफॉर्म की. लोक नेमके इथेच अडकतात: सेटिंग ‘एनेबल्ड’, पण शेजारी ‘नॉट अॅक्टिव्ह’ आणि ‘सेटअप मोड’. याचा अर्थ प्लॅटफॉर्म कीच भरलेली नाही. फॅक्टरी कीज पुन्हा भरण्याचा पर्याय निवडून सेव्ह करा. मग ‘यूजर मोड’ दिसेल. खात्री विंडोजच्या सिस्टम इन्फर्मेशनमध्ये ‘सिक्युअर बूट स्टेट’समोर करा. लिनक्सवर बाहेरून बसवलेला ग्राफिक्स ड्रायव्हर यानंतर चालेनासा झाला, तर त्याची सही करणारी की वेगळी नोंदवावी लागते.

डीबीएक्स ताजी ठेवणंही तितकंच महत्त्वाचं आहे. २०२३मध्ये उघड झालेल्या ब्लॅकलोटस या घातक प्रोग्रॅमने जुना, दोष असलेला, पण मायक्रोसॉफ्टची खरी सही असलेला बूटलोडर वापरून सिक्युअर बूट ओलांडला होता. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या २०११च्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून संपू लागते, त्यांची जागा २०२३ची प्रमाणपत्रं घेतात. विंडोज आणि फर्मवेअरचे अपडेट टाळू नका.

शेवटी सेटअपला लावायचा अॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड. तो नसेल तर समोर बसलेला कुणीही वरचं सगळं दोन मिनिटांत बंद करील. सेटअपमध्ये कीबोर्डची मांडणी बहुधा अमेरिकी असते, म्हणून साधी अक्षरं आणि अंकच वापरा. या पासवर्डची मर्यादाही मोठी आहे: अनेक डेस्कटॉप बोर्डांवर सीआर२०३२ हा बटणासारखा सेल काढला किंवा क्लिअर सीमॉसचा, म्हणजे सेटिंग्ज पुसण्याचा, जंपर जोडला की तो पुसला जातो. कॅबिनेटला कुलूप लावणं म्हणूनच उपयोगाचं. ते फोडून कुणी सिक्युअर बूट बंद केलाच, तरी टीपीएममधली नोंद बदलते आणि डिस्क बंदच राहते. अर्थात सस्पेंड केलेला बिटलॉकर तुम्ही पुन्हा चालू केला असेल तरच. तेवढं आजच करा.