मालिकेतील पात्रबदल (कोकण)

चालू मालिकेतली भूमिका एका कलाकाराकडून दुसऱ्याकडे जाणे म्हणजे पात्रबदल. सेटवर याला सरळ ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात. तारखा न जुळणे, आजारपण, बाळंतपण, मानधनावरून बिनसणे, कथानकातला लीप (काळाची उडी) ही कारणे सगळीकडची. कोकणात चित्रित होणाऱ्या मालिकेत मुक्काम आणि बोली या दोन अडचणींची भर पडते.

मुंबई-ठाण्याच्या सेटवर काम करणारा रात्री घरी जातो, सवड काढून नाटकाचा प्रयोगही करतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आकेरीला गेलेल्याला तिथेच तळ ठोकावा लागतो. झी मराठीच्या ‘रात्रीस खेळ चाले’चे चित्रीकरण तिथल्या वाड्यात झाले. पहिले पर्व फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाले, दुसरे जानेवारी २०१९ मध्ये, तिसरे मार्च २०२१ मध्ये. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीलाच घरचे कर्ते अण्णा नाईक वारतात. दुसरे पर्व मागे, त्यांच्या हयातीत जाते. तिसऱ्यात ते भूत होऊन येतात. दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांनी जिवंत अण्णा रंगवले आणि तिसऱ्यात त्यांचे भूतही. काळ मागे गेल्यामुळे नाईकांची मुले मात्र लहान दाखवावी लागली.

सर्वाधिक चर्चा झाली ती अण्णांच्या प्रेयसीची, शेवंताची. अपूर्वा नेमळेकरांनी दुसऱ्या पर्वात गाजवलेली ही भूमिका तिसरे पर्व चालू असताना, २०२१ मध्येच, कृतिका तुळसकरांकडे गेली. शेवंता तोवर भूत झालेली; भूत कुठलेही रूप घेते, तेव्हा चेहरा बदलणे सोपे, असे लेखकाच्या टेबलावर वाटू शकते. प्रेक्षक ते इतक्या सहज सोडत नाही. उलट नाईकांच्या घरगड्याची, पांडूची जागा घेणे जवळजवळ अशक्यच होते, कारण तो साकारणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेचे लेखनही करत होते.

नव्याने येणाऱ्याची खरी परीक्षा मालवणीत. ‘खंय’ (कुठे), ‘कित्याक’ (कशाला) पाठ करता येतात. हेल चुकला की कुडाळ-मालवणच्या घरात तो पहिल्याच वाक्याला पकडला जातो.

गंमत अशी, की याच प्रेक्षकाला पात्रबदल अजिबात नवा नाही. दशावतार या कोकणातल्या लोकनाट्यात छापील संहिता नसते. आख्यान ठरते, राजपार्ट, खलपार्ट, स्त्रीपार्ट वाटले जातात आणि नट रंगमंचावर उत्स्फूर्त बोलतो. स्त्रीपार्टही परंपरेने पुरुषच करतात. आज या नाट्यमंडळाचा राजा, उद्या दुसऱ्याचा. जत्रेत बसलेला रसिक दोघांची तुलना करतो, तक्रार करत नाही. तिथे भूमिका साच्याने ओळखली जाते आणि नट त्यात आपली भाषा ओततो. मालिकेत तोच चेहरा रोज रात्री क्लोजअपमध्ये दिसतो, संवादही त्या कलाकाराच्या लकबीला धरून लिहिले जाऊ लागतात. त्यामुळे नव्या कलाकाराच्या वाट्याला भूमिकेबरोबर आधीच्याची लकबही येते. ती उचलली तर नक्कल ठरते, टाकली तर संवाद अंगाला बसत नाहीत.