विचारल्याशिवाय पडद्यावर: पॉप-अप नोटिफिकेशनची पार्श्वभूमी

पावसाळ्यात कोल्हापूरकर फोन वाजला की बघतोच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली का, ४३ फुटांच्या धोका पातळीला अजून किती अवकाश आहे, राधानगरी धरणाचा कितवा स्वयंचलित दरवाजा उघडला, कुठला रस्ता पाण्याखाली गेला, हे सगळं हल्ली आधी फोनवर कळतं. त्याच फोनवर, तशाच पट्टीत आणि तशाच आवाजात 'तुमचं कर्ज मंजूर झालंय' येतं, सेल संपत आल्याचं येतं, कार्टमध्ये काहीतरी राहिलंय हेही येतं. पुराच्या पट्ट्यातल्या चिखली-आंबेवाडीकडच्या माणसाला ऐन पावसात यातलं नेमकं एकच हवं असतं. बाकीचं त्याच्या पडद्यावर कुणाच्या परवानगीनं येतं, याचं उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या काही निर्णयांत आहे.

वेबसाइटवर उडी मारून येणाऱ्या जाहिरातीच्या खिडक्या १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या. त्या कॉम्प्युटरवर होत्या, आणि ब्राउझरांनी पुढच्या काही वर्षांत त्यांना अडवायची सोयही केली. आपल्याकडच्या बहुतेकांनी त्या कधी पाहिल्याही नाहीत. आपल्याकडे पॉप-अप आला तो साध्या बटणांच्या फोनवर, प्रीपेड कार्डाबरोबर.

मोबाइलच्या जीएसएम मानकात 'क्लास झिरो' नावाचा संदेशाचा एक प्रकार आहे. असा संदेश इनबॉक्समध्ये जाऊन पडत नाही, थेट पडद्यावर उघडतो. कॉल संपला की किती पैसे कापले आणि किती उरले हे सांगणारी चौकटही अशीच आपोआप यायची आणि ती उपयोगाची होती. दहा रुपयांचं रिचार्ज मारणाऱ्याला शिल्लक कळणं गरजेचंच. पण माणसाला त्या चौकटीखालचं 'ओके' दाबायची सवय लागली, आणि मग तशाच चौकटीतून कॉलर ट्यून, क्रिकेटचा स्कोअर, विनोद, राशिभविष्य यायला लागलं. 'ओके' दाबलं की सेवा चालू, आणि पैसे कट. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा बॅलन्स कुठं जातो हे कुणाला कळायचं नाही. 'आता हे काय आलंय बघ की रे, दाबू काय?' हा प्रश्न त्या काळात बहुतेक घरांत नातवंडांनी ऐकलेला आहे. न विचारता ज्यांनी दाबलं त्यांचे पैसे गेले.

तक्रारी वाढत गेल्यावर जुलै २०१३ मध्ये दूरसंचार नियामकानं आदेश काढला. अशी कुठलीही सेवा चालू करण्यापूर्वी ग्राहकाकडून दुसऱ्यांदा होकार घ्यायचा, आणि बंद करायला सगळ्या कंपन्यांसाठी १५५२२३ हा एकच नंबर ठेवायचा. हा आदेश मला फार मोलाचा वाटतो. नुसतं बटण दाबलं गेलं म्हणजे माणसाची संमती मिळाली असं होत नाही, हे तत्त्व आपल्याकडे बटणांच्या फोनसाठी मान्य झालं होतं. तोवर हातातले फोन मात्र बदलत चालले होते, आणि नव्या फोनचे नियम दुसरीकडेच ठरून गेले होते.

इथं दोन वाटा फुटतात, आणि सगळा घोळ त्यांच्यातला आहे.

आयफोनवर बाहेरून संदेश ढकलण्याची, म्हणजे पुशची, सोय जून २००९ मध्ये आली. पहिली नोटिफिकेशन पाठवण्याआधी ॲपनं विचारायचं, वापरणाऱ्यानं हो किंवा नाही म्हणायचं, हा नियम तिथं पहिल्या दिवसापासून. दिसायला ती पद्धत फार अडाणी होती. निळी चौकट पडद्याच्या मध्यभागी येऊन बसायची आणि ती हटवल्याशिवाय पुढचं काम करता यायचं नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये त्या चौकटीची वरची पट्टी झाली.

अँड्रॉइड त्याच्या आधी, २००८ मध्ये आलं, तेच वरून खाली ओढायचा नोटिफिकेशनचा पडदा घेऊन. रचना छान होती. संदेश वर गुपचूप जमा व्हायचे, सवड मिळाली की बघायचे. पण विचारायचं मात्र नाही. ॲप टाकलं म्हणजे नोटिफिकेशनला परवानगी दिलीच, असं धरलं गेलं. एखाद्या ॲपची नोटिफिकेशन बंद करायचं बटणसुद्धा २०१२ मध्ये मिळालं. भारतात हातोहाती आहेत ते बहुतांशी अँड्रॉइड फोन, त्यामुळे आपल्या पडद्यांवर नियम चालला तो हा.

नोव्हेंबर २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत यात भर पडली. महत्त्वाची नोटिफिकेशन आता चालू कामावर, वरून सरकत खाली यायला लागली. कुठली नोटिफिकेशन महत्त्वाची, हे ठरवायचा अधिकार पाठवणाऱ्या ॲपकडे. म्हणजे परवानगी न मागता आत यायचं, आणि आत आल्यावर किती मोठ्यानं बोलायचं हेही आपणच ठरवायचं.

याचा त्रास कुठं होतो ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभं राहून बघावं. ग्लास रिकामा झालेला, मागं चार माणसं थांबलेली. कोड स्कॅन केला, रक्कम टाकली, दुकानदाराचं नाव वर आलं, आणि ते वाचायच्या क्षणी वरून पट्टी सरकली. नाव झाकलं गेलं. मागं जायला वरच्या बाणावर नेलेलं बोट पट्टीवर पडलं आणि भलतंच ॲप उघडलं. परत पैशाच्या ॲपवर यायचं, पैसे गेले की नाही ते तपासायचं, कधी पुन्हा स्कॅन करायचं. पट्टी काही सेकंदच टिकते, पण तेवढ्यात पैसे कुणाला चाललेत हे न बघता पिन टाकला जाऊ शकतो.

हे २०१६ नंतर वाढलं. सप्टेंबरात इंटरनेट एकदम स्वस्त झालं, नोव्हेंबरात नोटबंदी आली, आणि एप्रिलपासून चालू असलेली यूपीआय भाजीच्या गाडीपर्यंत पोचायला पुढं फार वेळ लागला नाही. डेटा दिवसभर चालू राहायला लागला, आणि डेटा चालू म्हणजे पुशचं दार उघडं. एसएमएस पाठवायला कंपनीला दर संदेशामागं पैसे मोजावे लागतात. अँड्रॉइडवर पुश पाठवायची मूळ सेवा फुकट आहे. माझ्या मते या सगळ्या गर्दीमागचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

न विचारण्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचंही एक म्हणणं आहे आणि त्यात वजन आहे. प्रत्येक ॲप विचारायला लागलं तर माणूस न वाचता काहीतरी दाबणार. पहिल्या दिवशी 'नाही' दाबून बसला तर बँकेतून पैसे गेल्याचं किंवा मुलानं मेसेज केल्याचं त्याला कळणारच नाही. आणि विचारणं कसं बिघडतं हे ब्राउझरमध्ये दिसलंही. एप्रिल २०१५ पासून क्रोममध्ये वेबसाइटना पुश पाठवता येऊ लागला, परवानगी घेऊन. झालं काय, तर मराठी बातम्यांची कुठलीही साइट उघडा, बातमीची पहिली ओळ वाचण्याआधीच 'अलाव' आणि 'ब्लॉक' समोर. चौकट जावी म्हणून लोकांनी 'अलाव' दाबलं आणि मग त्या साइटनं दिवसभर पिच्छा पुरवला. शेवटी २०२० च्या सुरुवातीला फायरफॉक्सनं ती चौकट लपवली, क्रोमनंही तिला गप्प करायची सोय दिली.

यावरून विचारणंच निरुपयोगी ठरतं असं मला वाटत नाही. चुकली ती विचारायची वेळ. गिऱ्हाईक उंबऱ्यात आहे तोवर त्याच्याकडून सही घेण्यातला हा प्रकार होता. आयफोनवर ॲपला हा प्रश्न एकदाच टाकता येतो, नकार मिळाला की पुन्हा तीच चौकट आणता येत नाही. त्यामुळे नीट चालवलेली ॲपं वेळ बघून विचारतात.

अँड्रॉइडनं आधी अर्धी वाट चालून पाहिली. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत 'चॅनेल' आली. एकाच ॲपच्या ऑफर वेगळ्या, डिलिव्हरीचे निरोप वेगळे, आणि जे नको ते तेवढंच बंद करायचं. सुरुवातीचं महत्त्व ॲप ठरवणार, पण एकदा चॅनेल तयार झालं की पुढं ते फक्त वापरणाऱ्याच्या हातात. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात बऱ्याच ॲपांनी ऑफर आणि कामाचे निरोप एकाच चॅनेलमध्ये कोंबले. ऑफर बंद केल्या की पार्सल दारात आलेलंही कळायचं नाही, म्हणून लोक बंद करत नाहीत.

विचारायची सक्ती आली ती २०२२ च्या तेराव्या आवृत्तीत, आयफोननंतर तेरा वर्षांनी. तिलाही पळवाट आहे. जुना फोन अपडेट होऊन तेरावर गेला, तर आधीपासून असलेल्या ज्या ॲपांची नोटिफिकेशन बंद केलेली नव्हती, त्यांना परवानगी आपोआप मिळते. स्वस्तातल्या पुष्कळ फोनना तर तेरावी आवृत्ती मिळालीच नाही. मुलानं नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला, की त्यातली न मागितलेली परवानगीही आईकडं जाते. काही फोन कंपन्या स्वतःच्या ॲपांमधूनही जाहिराती ढकलतात, त्या बंद करायची जागा सेटिंगमध्ये इतकी आत आहे की राजारामपुरीतल्या मोबाइल दुकानात ते काम सांगून करून घेणारे लोक आहेत. अलार्म किंवा कॉलसारखी अख्खा पडदा व्यापायची मुभा २०२३ च्या चौदाव्या आवृत्तीत फक्त तशाच ॲपांपुरती ठेवली गेली. उशिरा का होईना, बरं झालं.

सरकारी नियमांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. १९०९ वर 'डीएनडी' केलं की फोनवरच्या जाहिराती थांबतील, असं पुष्कळ जण धरून चालतात. नको असलेल्या कॉल-एसएमएससाठीची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये नियम आणखी कडक झाले. पण हे सगळं कॉल आणि एसएमएसपुरतं. ॲपमधून येणारी पट्टी त्या कक्षेत येत नाही. कॉल-एसएमएसवर जितकी कडक नजर, तितकं कंपन्यांना पुशकडं वळणं सोयीचं, असं मला वाटतं. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेनं फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातल्या तेरा प्रकारांमध्ये सतत टुमणं लावण्याचा प्रकार आहे, आणि 'नाही' म्हणायची सोय न देता नोटिफिकेशन चालू करा म्हणणं हे त्याचं उदाहरण म्हणून दिलंय. म्हणजे विचारण्याची रीत तरी नियमात आली. एकदा 'हो' म्हटल्यावर दिवसाला किती पाठवायच्या, यावर त्यात मर्यादा नाही.

त्याच वर्षी देशभरातल्या फोनवर एक वेगळाच पॉप-अप वाजला. कर्कश आवाज, अख्खा पडदा, आणि हा चाचणी संदेश आहे असा मजकूर. ती आपत्तीच्या इशाऱ्यासाठीची सेल ब्रॉडकास्ट व्यवस्था. तिला इंटरनेट लागत नाही. एखाद्या टॉवरच्या टप्प्यातल्या चालू फोनवर एकाच वेळी इशारा जातो. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या जिल्ह्याला असा निरोप किती कामाचा आहे हे वेगळं सांगायला नको. पडद्यावर न विचारता यायचा हक्क कुणाला असावा, तर यालाच. पण दिवसभर पट्ट्या सारून टाकणारं बोट हाही निरोप तसाच सारून टाकेल, ही भीती खरी आहे. शिवाय हे इशारे सेटिंगमधून बंद करता येतात, आणि चाचणीच्या आवाजानं दचकून ते बंद करून ठेवलेले फोन घरात असतील तर पावसाआधी 'इमर्जन्सी अलर्ट' शोधून पुन्हा चालू करावेत. बाकीच्या पट्ट्यांसाठी, आठव्या आवृत्तीपासून पुढच्या अँड्रॉइडवर, नको असलेली पट्टी आली की तिच्यावर बोट दाबून धरायचं. बंद करायचा पर्याय तिथंच निघतो.