वंशावळ जुळवताना: नागपूर जिल्ह्यात जुने पुरावे कुठे मिळतात

मुलीची बारावी सुरू झाली. जात पडताळणीची फाइल लावायला बसलो, तर पणजोबांचं नाव घरात कुणालाच खात्रीनं सांगता येईना. शेवटी ते उमरेडकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत, दाखल-खारीज रजिस्टरात (मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही) आजोबांच्या नावापुढे सापडलं. त्या धावपळीत जे कळलं ते इथे मांडतो.

आधी मानीव दिनांक पाहा, म्हणजे कुटुंब कायम कुठे राहत होतं हे ज्या दिवसावरून ठरतं ती तारीख. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा कागद सर्वांत भक्कम. त्या दिवशी वडील, आजोबा किंवा पणजोबा कायम जिथे राहत होते, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तुम्ही आज नागपूर शहरात मानेवाड्यात राहत असाल, पण आजोबा काटोलचे असतील तर काटोलला. सौंसर-पांढुर्ण्याकडून आलेल्या कुटुंबांनी इथे विशेष जपावं. १९५६ पर्यंत ती गावं आणि नागपूर एकाच राज्यात होती, आज ती मध्य प्रदेशात आहेत; म्हणून मानीव दिनांकाला कुटुंब नेमकं कुठे होतं ते आधी पाहा.

पुराव्यांत कोतवाल बुकावर माझा फार भरवसा. गावच्या जन्म-मृत्यूच्या या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. पण त्यात बाळाचं नाव बहुधा नसतंच. बापाचं नाव, जात, आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच. म्हणून तिथली तारीख शाळेतल्या जन्मतारखेशी जुळवून पाहावी लागते. तारखेत थोडा फरक निघाला तर घाबरू नका, शाळेत अंदाजे तारखा सर्रास लिहिल्या जात. आडनावही अनेकदा नसतं. जुन्या कागदात स्वतः काहीही दुरुस्त करू नका. तफावत प्रतिज्ञापत्रात खुलासा करून सांगा.

शेती असेल तर १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर होती त्याच्या नोंदी, मागा. मालगुजारी (इकडची जुनी जमीनदारी) गेल्यानंतरचे हे कागद. त्यापुढचे फेरफारही काढा: खातेदार वारला की वारसांची नावं तिथे ओळीनं चढतात. जात दिसली नाही तरी कोण कुणाचा मुलगा, हे त्यातून पक्कं होतं.

बौद्ध कुटुंबांना एक सांगणं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या शाळेच्या नोंदीत ‘बौद्ध’ असेल, तर वडिलांच्या दाखल्यावर थांबू नका. आजोबांची १९५० पूर्वीची नोंद शोधा, मूळ जात तिथे मिळते.

नक्कल मागताना अर्जात गाव, तालुका, पूर्वजाचं नाव आणि वर्षांचा टप्पा लिहा, उदाहरणार्थ १९३० ते १९४०. एकच साल लिहिलं तर ‘नोंद आढळत नाही’ असा शेरा येण्याची भीती. शहरातल्या जन्म-मृत्यूसाठी महापालिकेकडे जा. १९६९ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार नोंदीचा शोध घेऊन जन्म-मृत्यूचा दाखला मागता येतो. मृत्यूच्या दाखल्यात कारण मात्र देत नाहीत.

कागद हाती आले की नमुना ३ मध्ये वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करा. स्वतःपासून वर चढा, आणि प्रत्येक पिढीला निदान एक कागद जोडा. अर्ज सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवर. जात प्रमाणपत्र मिळाल्यावरच पडताळणी समितीकडे जाता येतं; तिथे वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र असेल तर ते नक्की लावा. चुलत्यांना, चुलतभावांना आधीच विचारून ठेवा. आणि म्हाताऱ्या आत्याला तर सर्वांत आधी! आमच्याकडे त्या शाळेचं गाव तिलाच आठवत होतं.

पाच-सहा पिढ्या मागे जायची इच्छा असेल, तर नागपुरातलं विदर्भ पुराभिलेखागार आहे. भोसलेकाळातले कागद वाचायला मोडी येणारं माणूस सोबत लागेल. पूर्वज त्र्यंबकेश्वरी गेले असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही घराण्याची नावं मिळू शकतात.

प्रत्येक नकलेच्या दोन प्रमाणित प्रती घ्या. एक फाइलला, एक घरी. धाकट्या भावंडांना तीच लागणार आहे.