काकूंची खुर्ची

कोथरूडमधल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल. सकाळचे सात. प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्यात, सरकू नयेत म्हणून. बहात्तरीच्या एक काकू हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठतात, बसतात, पुन्हा उठतात. नवव्या खेपेला मांड्या थरथरू लागतात. महिन्यापूर्वी हात टेकल्याशिवाय त्यांना एकदाही उठता येत नव्हतं.

ती थरथर पाहून मला बरं वाटतं. वय वाढतं तसे स्नायूंमधले चपळ तंतू आधी झिजतात. झटकन उठायला, तोल गेला तर सावरायला तेच लागतात. पण ताण दिला की उतारवयातही ते प्रतिसाद देतात. 1990 साली बोस्टनमधल्या संशोधकांनी सरासरी नव्वदीच्या 10 वृद्धांकडून 8 आठवडे पायाने वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली!

मग अडतं कुठे? बहुतेकदा भीतीपाशी. 'आई, आता जपून हं' असं मुलं मायेनं म्हणतात. आई जपते, कमी हलते, पाय आणखी लुळे पडतात आणि पडायची भीती खरी ठरते. प्रत्यक्षात 2019 साली शंभराहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांचं पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी कमी दिसलं. तोल सांभाळण्याचे व्यायाम त्यात विशेष उपयोगी पडले. (छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.)

भीती उपदेशानं जात नाही. 'मला हे जमेल' हा विश्वास कुठून येतो, यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 पासून लिहिलं. सगळ्यात पक्का विश्वास स्वतः करून पाहिल्यानं येतो आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच कुणाला तरी जमलेलं पाहून. म्हणून पंचविशीतल्या पिळदार प्रशिक्षकापेक्षा शेजारच्या बिल्डिंगमधल्या, गुडघ्याला पट्टा बांधून येणाऱ्या आजोबांचा काकूंना जास्त आधार वाटतो.

आठवड्याला किमान 150 मिनिटं, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस योग्यच आहे. पण पहिल्याच दिवशी ती ऐकवली तर माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही, असं माझं मत आहे. संघटनाही म्हणते की अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलं चांगलं. 'साखर आटोक्यात येईल' हे फार लांबचं आश्वासन झालं. काकूंचं ध्येय वेगळं आहे: पर्वतीच्या 103 पायऱ्या नातवासोबत चढायच्या. रोज एक उठबस वाढली की ती पायरी त्यांना दिसते.

आणि खाडा पडणारच. लग्नसराई असते, पावसाळा असतो, सर्दीखोकला असतो. काही आठवडे सुटले की ताकद उतरते, पण एकदा कमावलेली ताकद परत यायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. हे ज्येष्ठांना कुणी सांगतच नाही. 'आता काय, मोडलंच' म्हणून ते कायमचे घरी बसतात. या हॉलमध्ये दोन दिवस कुणी दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी हजेरी घेणारे काका फोन करतात.

जुलैत काकू पंधरा दिवस मुलीकडे होत्या. परतल्या, तरी हॉलमध्ये यायचा संकोच वाटत होता. फोन आला: "अहो काकू, तुमची दाराजवळची खुर्ची तशीच ठेवलीय. उद्या पाचच उठबशा करू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा केल्या.