खुराड्यातील कीड व तिचे घरगुती निवारण (विदर्भ)

परसातील कोंबड्यांच्या अंगावर आणि त्यांच्या निवाऱ्यात राहणाऱ्या रक्तशोषक व त्रासदायक किडीला विदर्भात सरसकट ‘पिसवा’ म्हणतात. या एका शब्दात निदान चार वेगळे जीव येतात : उवा, तांबडा माइट, गोचीड आणि खऱ्या पिसवा. उवा व पिसवा सहा पायांच्या, म्हणजे कीटक; माइट व गोचीड आठ पायांचे, कोळ्याच्या वर्गातले. निवारण या भेदावरच ठरते. उवांचा सगळा जन्म कोंबडीच्या अंगावर जातो, तर तांबडा माइट आणि मोठे गोचीड दिवसा भिंतीत असतात व रात्री तेवढे रक्त प्यायला येतात. त्यामुळे कोंबडीला काही चोळून गोचीड जात नाहीत आणि खुराडे धुऊन उवा जात नाहीत.

खुराड्याची घडणही किडीच्या पथ्यावर पडते. कोठ्याच्या भिंतीला टेकवलेला पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) किंवा तुराट्यांचा कुड, वर कवेलू, आत बसायला बांबूचा दांडा हे नेहमीचे रूप. कुडाचे लिंपण उन्हाळ्यात तडकते आणि प्रत्येक भेग गोचिडाचे घर होते. डालग्यात ठेवलेल्या कोंबड्यांना हा त्रास कमी असतो, कारण डालगे उचलून उन्हात टाकता येते.

गोचीड व त्याच्या नावाचा घोळ : कोंबडीच्या मऊ गोचिडाचे शास्त्रीय नाव अर्गास पर्सिकस. रक्त न प्यालेला गोचीड चपटा, तपकिरी, सुमारे अर्धा ते एक सेंटिमीटर लांब असतो. खेड्यात त्याला हमखास ढेकूण समजतात. ही चूक केवळ खेड्यातली नाही. इराणमधील मियाना या गावावरून युरोपीय प्रवाशांनी त्याला ‘मियानाचा ढेकूण’ म्हटले आणि त्याच्या दंशाने माणसे मरतात, अशा हकिकती लिहिल्या. शास्त्रीय नावाचे श्रेय जुन्या ग्रंथांत फिशर फॉन वाल्डहाइम यांना दिलेले आढळते. अलीकडचे वर्गीकरणकार ते ओकेन (१८१८) यांना देतात व तेच अधिक ग्राह्य दिसते. पुढे १९६० च्या दशकात गोचिडांचे अभ्यासक कायझर व हूगस्ट्राल यांनी दाखवले, की जगभर ‘पर्सिकस’ म्हणून नोंदलेले गोचीड एकाच जातीचे नाहीत. त्यामुळे जुन्या नोंदींतील जातिनिश्चिती जपूनच घ्यावी लागते. घरगुती ओळखीस मात्र पाय मोजणे पुरे : ढेकणाला सहा पाय व डोक्यावर मिशा, मोठ्या गोचिडाला आठ पाय आणि वरून पाहता तोंड दिसतच नाही. ढेकूणही खुराड्यात होतात, म्हणून पाहून घ्यावे.

गोचिडाची पिल्ले (यांना सहाच पाय) पंखाखाली पाच ते दहा दिवस चिकटून राहतात. पिसे उलटी फुंकली की निळसर-काळे दाणे दिसतात. पुढच्या अवस्था भेगेत जातात. पूर्ण वाढलेला गोचीड रक्ताविना वर्षाहून अधिक काळ तग धरतो, तांबडा माइट आठ-नऊ महिने. ‘खुराडे दोन महिने रिकामे ठेवले’ हा उपाय म्हणून फुकट जातो.

गोचिडातून स्पायरोकीटोसिस हा रोग पसरतो. त्याचा जंतू साखारोव्ह यांनी १८९१ मध्ये काकेशसमधील हंसांत पाहिला. तो गोचिडातून जातो, हे मार्शू व सालिंबेनी यांनी १९०३ मध्ये ब्राझीलमध्ये दाखवले. या रोगात ताप, मलूलपणा आणि हिरवी विष्ठा ही लक्षणे दिसतात. मानमोडीतही (राणीखेत रोगातही) हिरवी हगवण असल्याने गावात दोन्ही एकच मानले जातात. मानमोडीवर औषध नाही, स्पायरोकीटोसिसवर पेनिसिलिन चालते; तेव्हा कोंबड्या मरू लागल्या आणि पंखाखाली दाणे सापडले, तर पाल्याच्या नादी न लागता पशुवैद्यक गाठावा.

तपासणी : दिवसा काही सापडत नाही. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन दांड्याच्या खालच्या बाजूने पांढरे फडके दाबून ओढावे. तांबड्या रेघा उठल्या तर माइट. जाड खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याची पट्टी दांड्याखाली बांधून पाचव्या दिवशी सोडली, की पन्हळीत माइट दाटलेले आढळतात. ती पट्टी तशीच चुलीत घालावी. उवांसाठी मात्र दिवसाच गुदद्वाराभोवतीची पिसे पाहावीत. पिसांच्या मुळाशी पांढऱ्या अंड्यांचे गड्डे असतात.

राख : चुलीची राख खुराड्यात टाकण्याची रीत गॅमेक्झिन या कीटकनाशकाची भुकटी खेडोपाडी पोहोचण्याच्या बरीच आधीची असावी. ती किडीला मारते कशी, याबद्दल दोन मते आहेत. कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांच्या १९४० च्या दशकातील प्रयोगांवरून बारीक कण किडीच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतात, असे मानले गेले. एबेलिंग यांनी पुढे कण हे मेण शोषून घेतात, असे मांडले. दोन्हींचा शेवट एकच, अंगातले पाणी उडून कीड सुकते. राखेच्या क्षाराने कीड जळते, हा तिसरा समज गावात आहे. पण कोरड्या राखेत क्षार फारसा काम करीत नाही आणि ओल्या राखेत तो किडीआधी कोंबडीचे पाय पोळतो. सुकवण्याची उपपत्ती अनुभवाशी अधिक जुळते. राख मे महिन्यात गुण देते व श्रावणात देत नाही, याचा उलगडा तीच करते. भंडारा-गोंदियाकडे भातगिरण्यांतून मिळणाऱ्या तुसाच्या राखेत सिलिका ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत असते. ती पऱ्हाटीच्या राखेपेक्षा या कामी सरस, पण पसरताना नाकाला फडके बांधावे.

धूळस्नान : कोंबडी स्वतःच मातीत लोळून उवा झाडते, तिला कोरडी जागा देणे एवढेच आपले काम. छपराखाली दोन फूट लांब-रुंद, वीतभर खोल खड्डा करून त्यात चाळलेली माती दोन भाग व थंड राख एक भाग भरावी. काळी माती घेऊ नये. दमट हवेत तिची ढेकळे होतात. गावठाणातली पांढरी माती किंवा नदीची बारीक रेती चालते. अशा १० किलो मिश्रणात १०० ग्रॅम गंधकाची भुकटी मिसळली तर गुण वाढतो. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गंधकाच्या धुळीने माइट व उवा दोन्ही घटल्या, आणि धूळस्नान न करणाऱ्या शेजारच्या कोंबड्यांवरही परिणाम दिसला.

निंब व चुना : कपाशीवर वापरला जाणारा ५ टक्के निंबोळी अर्कच खुराड्याला चालतो. ५०० ग्रॅम निंबोळीची भरड ५ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, २० ग्रॅम साबण विरघळवून एकूण १० लिटर करावे. निंबोळी जून-जुलैत वेचून सावलीत वाळवलेली, त्याच वर्षीची हवी. बुरशी आलेली टाकून द्यावी. यातील ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य (१९६८ मध्ये वेगळे केले गेले) उन्हात लवकर नासते, म्हणून फवारणी सूर्य कलल्यावर करावी. किडीची अंडी मरत नसल्याने दर सात दिवसांनी, तीनदा फवारावे लागते. एकदाच फवारून ‘निंबाने काही होत नाही’ म्हणणारे पुष्कळ. चुन्याच्या निवळीत निंबोळी अर्क मिसळण्याची पद्धतही आढळते. ती व्यर्थ आहे, कारण तीव्र क्षारात हे द्रव्य टिकत नाही. चुना भिंतीला, निंब दांड्याला व खोपीला, अशी वाटणी करावी.

मोठ्या गोचिडावर निंबाचा भरवसा धरू नये. तेथे किटलीने भेगेत उकळते पाणी ओतणे, लगोलग शेण-मातीने लिंपणे आणि दांडा चुलीच्या जाळावर फिरवून घेणे हेच खात्रीचे. अर्थात कोंबड्या बाहेर काढून, आणि कुड पेटणार नाही इतक्या लांब. बांबूच्या चिरलेल्या टोकात गोचीड दडतात. साल काढलेला गुळगुळीत लाकडी दांडा बरा. तो भिंतीला न लावता लाकडी घोडीवर (पायांच्या आधारावर) ठेवून घोडीचे पाय जळक्या ऑइलच्या वाट्यांत ठेवले, तर भिंतीतल्या गोचिडाची वाट बंद होते. एक पऱ्हाटी जरी दांड्याला टेकली, तरी सारे वाया.

खुडूक कोंबडी : अंडी उबवण्याच्या २१ दिवसांत उन्हाळ्यात माइटच्या दोन-तीन पिढ्या होतात आणि कोंबडी अंडी सोडून उठते. टोपलीत तळाला दोन बोटे राख, वर वाळलेला निंबाचा पाला व चिमूटभर वेखंड, त्यावर तणस घालावी. सातव्या व चौदाव्या दिवशी, कोंबडी चरायला उठली की, तणस बदलावी. अठराव्या दिवसानंतर हात लावू नये.

टाळण्याजोगे : सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. तंबाखूच्या काढ्यातले निकोटीन कोंबडीलाही विषच. रॉकेलने कातडी सोलते. निंबाच्या धुराने डास पळतात (डासांतून कोंबड्यांची देवी पसरते, म्हणून तो रिकाम्या खुराड्यात करण्यास हरकत नाही), पण भेगेतला गोचीड हलत नाही. गॅमेक्झिन म्हणजे बीएचसी. त्यावर १९९७ मध्ये बंदी आली. कपाशीची उरलेली औषधे खुराड्यात मारणे त्याहून घातक, कारण अंडी घरातच खाल्ली जातात.

माश्या : ओली विष्ठा हे एकमेव कारण. उन्हाळ्यात माशीचे अंड्यापासून माशीपर्यंतचे चक्र सात ते दहा दिवसांत पुरे होते, म्हणून दर तीन दिवसांनी ओला भाग खरवडून उकिरड्यात मातीखाली दाबावा. ओल्यावरच चुना टाकला तर अमोनियाचा उग्र वास सुटून कोंबड्यांचे डोळे येतात. आधी खरवडावे, मग चौरस मीटरला १०० ग्रॅम चुना. खाली अंथरायला तूस चांगले; सोयाबीनचे कुटार भिजले की कुजते. कोंबड्या माश्या, मुंग्या व शेणकिडे खाऊन टाकतात, याचे कौतुक होते. पण कोंबडीच्या पट्टकृमींची पिल्ले याच जीवांतून तिच्या पोटात जातात.