डुकराच्या मांसातील कत्तलीनंतरचे बदल

कत्तल झाल्यावर डुकराच्या स्नायूंचे मांस होईपर्यंत त्यांत जे रासायनिक व भौतिक बदल घडतात, त्यांवर मांसाचा रंग, मऊपणा, रसाळपणा आणि टिकाऊपणा ठरतो. जात, खाद्य, वय यांचा परिणाम होतोच. पण उत्तम पोसलेल्या जनावराचे मांसही कत्तलीनंतरच्या पहिल्या तासाभरात बिघडू शकते. तसे ते बिघडले, तर पुढे शीतगृहात कितीही निगा राखली तरी सुधारत नाही.

रक्त वाहून गेले की स्नायूंचा ऑक्सिजन तुटतो. पेशी मात्र लगेच मरत नाहीत. साठवलेले ग्लायकोजेन (स्नायूतली साखरेची शिदोरी) त्या ऑक्सिजनविना वापरत राहतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल तयार होते. ते वाहून न्यायला रक्त नसल्याने जागच्या जागी साठते. जिवंत स्नायूचा सामू (पीएच; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त) ७.२ च्या आसपास असतो. चोवीस तासांनी तो साधारण ५.५ ते ५.७ वर स्थिरावतो. याच काळात ऊर्जा पुरवणारे एटीपी संपते, ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने एकमेकांत अडकून पडतात आणि स्नायू ताठरतो. डुकरात ही मरणोत्तर ताठरता पाव तास ते तीन तासांत सुरू होते; गोवंशाच्या स्नायूंत तिला बराच जास्त वेळ लागतो.

स्नायूत सुमारे ७५ टक्के पाणी असते आणि त्यातले बहुतेक प्रथिनांच्या तंतूंमधल्या फटींत अडकलेले असते. सामू ५.२ च्या जवळ आला की प्रथिनांवरचे विद्युतभार एकमेकांना तोलतात, तंतूंमधले प्रतिकर्षण कमी होते, फटी आवळतात आणि मांसाला पाणी सुटते. थोडे पाणी सुटणे स्वाभाविकच आहे.

बिघाड होतो तो आम्ल घाईने तयार झाले की. डुकराच्या अंगात मुळात ३९ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब असते. त्यात केस काढण्यासाठी धड सुमारे ६० अंशांच्या पाण्यात बुडवतात, आणि कातडी व चरबी अंगावरच राहत असल्याने आतली उष्णता सावकाश निघते. स्नायू असा तापलेला असतानाच पाऊण तासाच्या आत सामू ६ च्या खाली गेला, तर आम्ल आणि उष्णता मिळून मायोसिनची मोडतोड करतात. मांस फिकट, लिबलिबीत आणि पाणचट होते. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पीएसई म्हणतात. अर्धवट उकडल्यासारखे दिसणारे हे मांस कच्चेच असते. मोडलेली प्रथिने प्रकाश जास्त विखुरतात म्हणून ते पांढुरके भासते. मागच्या मांडीचा आडवा काप घेतला तर कधीकधी एकाच तुकड्यात दोन रंग दिसतात: कातडीलगत गुलाबी आणि हाडाजवळ, जिथे थंडी सगळ्यांत उशिरा पोचते तिथे, फिकट. अशा मांसाचा चोवीस तासांनंतरचा सामू पुष्कळदा नेहमीसारखाच भरतो. म्हणून तपासणी करायची ती पाऊण तासाने. दुसऱ्या दिवशीचे मोजमाप फसवे ठरू शकते.

१९५० च्या दशकात डेन्मार्कमध्ये लुडविगसेन यांनी या दोषाचे वर्णन केले, तेव्हा तो स्नायूंचा ऱ्हास मानला गेला. पुढे बेल्जियमच्या पिएत्रॅं जातीसारख्या भरदार, कमी चरबीच्या डुकरांत तो फार आढळू लागला. अशा पिलांना हॅलोथेन ही भूल हुंगवली की काहींचे पाय काही मिनिटांत ताठ होत. त्यांना वेगळे काढण्याची हीच चाचणी होती. १९९१ मध्ये यामागचे जनुकीय कारण सापडले. स्नायूतील कॅल्शियमचे दार सांभाळणाऱ्या प्रथिनात एका जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सिस्टीन आल्याने कॅल्शियम भसाभस बाहेर पडते आणि ग्लायकोजेन झपाट्याने जळते. मग रक्ताची चाचणी करून हे जनुक पैदाशीतून काढणे शक्य झाले. जास्त मांसाच्या हव्यासाने पैदासकारांनी जे नकळत जोपासले होते, ते निस्तरायला अशी काही दशके गेली.

हॅम्पशायर जातीतला दोष निराळा. तिथे घाई नसते, ग्लायकोजेनच जादा असते, त्यामुळे सामू नेहमीपेक्षा खाली उतरतो. फ्रान्समध्ये हॅम (मागच्या मांडीचे मांस) शिजवल्यावर हाती कमी माल येतो, यावरून तो लक्षात आला. जबाबदार जनुक २००० मध्ये ओळखले गेले.

याउलट, लांबचा प्रवास, उपासमार, अनोळखी डुकरांशी मारामारी यांत ग्लायकोजेन आधीच संपले असेल, तर आम्ल पुरेसे तयारच होत नाही. सामू ६ च्या वर राहतो. मांस गडद, घट्ट आणि हाताला चिकट लागते. पाणी ते उत्तम धरून ठेवते, पण लवकर नासते. ग्लुकोज नसल्याने जिवाणू थेट अमिनो आम्लांवर तुटून पडतात आणि दुर्गंधी लवकर सुटते.

त्यामुळे चांगल्या कत्तलखान्यात उतरवलेल्या डुकरांना दोन-चार तास विसावा देतात, अंगावर पाणी फवारतात, ओळखीचे कळप मोडत नाहीत आणि विजेच्या काठीने ढोसणे टाळतात. नंतर धड शक्य तितक्या लवकर गार करतात. मात्र अतिघाईने गार केल्यास स्नायू आखडून चिवट होण्याचा धोका असतो; डुकरात तो गोवंशापेक्षा कमी, कारण आम्ल मुळातच लवकर तयार होते. ताठरता आल्यावर काही दिवस थंडीत ठेवल्यास कॅल्पेन ही विकरे तंतूंचे सांधे सैल करतात आणि मांस मऊ होते.

हे सगळे गणित शीतसाखळीच्या, म्हणजे कत्तलीपासून विक्रीपर्यंत मांस गार ठेवणाऱ्या, बाजारासाठी मांडलेले आहे. ईशान्य भारतात सकाळी कापलेले मांस बहुधा गारही न होता दुपारपर्यंत विकले जाते. त्यामुळे मांसातून सुटून विक्रीच्या ट्रेच्या तळाशी साचलेले गुलाबी पाणी ही तिथे तक्रार नसतेच. चिवटपणा मात्र असू शकतो, कारण मऊ होण्याइतका अवधीच मिळत नाही. गोव्याच्या चोरीस या सॉसेजमध्ये मीठ, व्हिनेगर आणि मिरचीत मुरवलेले तुकडे आतड्यात भरून वाळवतात. वाळवण्याच्या सॉसेजमध्ये पाणी जायलाच हवे असते, म्हणून पाणचट मांस थोड्या प्रमाणात मिसळले तरी चालते. शिजवलेल्या हॅमला मात्र तेच मांस मारक: ते मिठाचे पाणी धरत नाही आणि कापायला गेले की फुटते.