विषाणू सापडणं वेगळं, रोगाचा कर्ता सापडणं वेगळं

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या की आमच्या सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ-बार्शीकडे, 'हळद्या आला' म्हणतात आणि विषय तिथंच संपतो. पण तेच पान प्रयोगशाळेत गेलं आणि अहवालात 'नवीन एकपदरी डीएनए विषाणू आढळला' असं वाक्य आलं, की गावभर चर्चा: नवा रोग आला! दोन निरनिराळ्या गोष्टी इथं एकाच पोत्यात भरल्या जातात. पानात अमुक विषाणू आहे हे कळणं ही एक गोष्ट. पान त्यानंच पिवळं केलं हे सिद्ध होणं ही दुसरी.

पहिली गोष्ट अलीकडे फार सोपी झाली आहे. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या बेगोमोव्हायरसचा डीएनए एकाच पदराचा आणि गोल असतो. त्याचा मुख्य भाग, डीएनए-ए, जेमतेम २,७०० अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनएच्या साखळीतला एक दुवा). फाय-२९ नावाचं एन्झाइम अशा गोल रेणूभोवती फिरत राहतं आणि त्याच्या लांबच लांब प्रती काढतं. शोधायचा विषाणू आधी ओळखीचा असावा लागत नाही, ही यातली खरी गंमत. प्रती मिळाल्या की अक्षरांचा क्रम वाचायचा आणि जुन्या नोंदींशी ताडायचा. पूर्ण डीएनए-ए जवळात जवळच्या माहीत असलेल्या विषाणूशी ९१ टक्क्यांपेक्षा कमी जुळला तर प्रजाती नवी. ९१ च्या वर, पण ९४ च्या खाली असेल तर प्रजाती जुनीच, स्ट्रेन म्हणजे तिच्यातला उपप्रकार वेगळा. विषाणूंचं वर्गीकरण करणारी आंतरराष्ट्रीय समिती आता नुसत्या क्रमावरूनही नवी प्रजाती मान्य करते. म्हणजे ज्यानं एकही झाड आजारी पाडल्याचा पुरावा नाही, असा विषाणूही रीतसर नाव घेऊन यादीत बसू शकतो.

यात गैर काही नाही. फक्त ते नामकरण आहे, आरोपपत्र नव्हे. आषाढीत पंढरपूरला कुणाचा खिसा कापला गेला आणि शेजारी एक अनोळखी माणूस उभा दिसला, एवढ्यावर त्याला पाकीटमार ठरवत नाहीत, तसंच हे. शिवाय 'नवीन' म्हणजे काल-परवा आलेला असंही नाही. भेंडीच्या या रोगाची नोंद १९२४ साली मुंबई इलाख्यात झाली, आणि तेव्हा सोलापूर त्याच इलाख्यात होतं. विषाणूंचे डीएनए वाचण्याची सोय त्यानंतर अर्ध्या शतकानं आली.

दुसरं काम किती अवघड असतं हे भेंडीनंच दाखवून दिलं. पिवळ्या पानांत बेगोमोव्हायरस सापडत होता, तेव्हा हाच गुन्हेगार असं कुणालाही वाटलं असतं. मदुराईच्या संशोधकांनी त्याच्या डीएनएची प्रत करून, अॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूकरवी ती निरोगी भेंडीत सोडली. विषाणू झाडभर पसरला, पण पानं जराशी मुरडली, इतकंच. शिरांचं ते ठसठशीत पिवळेपण काही येईना. मग त्याच्यासोबत सापडलेला, सुमारे १,३५० अक्षरांचा आणखी एक गोल तुकडा बरोबरीनं दिला, तेव्हा हळद्या जसाच्या तसा उमटला. हा तुकडा म्हणजे बीटासॅटेलाइट. त्याला एकट्याला स्वतःच्या प्रती काढता येत नाहीत, त्यासाठी विषाणूची मदत लागते. आणि विषाणूला एकट्याला पान नीट पिवळं करता येत नाही. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. नुसता डीएनए-ए वाचून जो थांबला असता, त्याच्या अहवालात एकही चूक नसती आणि तरी रोगाचं कारण अर्धंच कळलं असतं.

माणसांच्या बाबतीतही असंच घडलंय. १९९७ साली जपानमध्ये कावीळ झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात टीटी विषाणू सापडला. तोही एकपदरी, गोल. यकृताच्या आजाराचा संशय त्याच्यावर गेला. पुढं निरोगी लोकांचं रक्त तपासलं तर बहुतेकांत तो निघाला! त्याहून नामुष्कीची गोष्ट २०१३ ची. कावीळग्रस्तांच्या नमुन्यांत मिळालेला एक 'नवा' एकपदरी डीएनए विषाणू रुग्णांचा नव्हताच; नमुन्यातून डीएनए वेगळा काढायच्या नळीतल्या सिलिकाच्या गाळणीतून तो आला होता. म्हणून निरोगी झाडाचं पान आणि नुसत्या पाण्याचा नमुना, दोन्ही सोबत तपासलेले नसतील तर अशा शोधावर मी फारसा भरवसा ठेवत नाही.

द्राक्षाचं उदाहरण नान्नजकडच्या बागायतदारांनी लक्षात ठेवावं. कॅलिफोर्नियात २००८ च्या सुमारास वेलींवर लाल डाग दिसू लागले, चारेक वर्षांत त्यांत जेमिनीव्हायरस गटातला (बेगोमोव्हायरसही याच गटातले) नवा विषाणू सापडला. पण लाल डाग त्याच्यामुळंच पडतात याचा ठोस पुरावा आला २०१८ मध्ये. उद्या सांगोल्याच्या तेल्या पडलेल्या डाळिंबात असला एखादा विषाणू निघाला, तर तेल्याचं खापर त्याच्यावर फोडायची घाई नको. तेल्या झँथोमोनास या जिवाणूमुळं होतो, हे आधीच पक्कं आहे.

तेव्हा अहवाल हातात आला की टक्केवारीच्या आधी तीन गोष्टी विचारा. निरोगी झाडं तपासली का? सॅटेलाइट शोधला का? त्या विषाणूची प्रत निरोगी रोपात सोडून तोच रोग उमटवून पाहिला का? तिन्ही उत्तरं 'नाही' असतील, तर हातात एक नाव आहे, कारण नाही. आणि त्या नावासाठी कृषी सेवा केंद्रात नवं औषध मागू नका. झाडातला विषाणू मारणारी फवारणी नसतेच. भेंडीत रोगट झाड दिसताक्षणी उपटायचं, पिवळे चिकट सापळे लावून पांढऱ्या माशीवर नजर ठेवायची, आणि पुढच्या लागणीला परभणी क्रांतीसारखा हळद्याला दाद न देणारा वाण निवडला तरी आपल्या रानात तो कितपत टिकतोय ते बघत राहायचं.